इंदूबाईला रेंज पाहिजे

आमच्या खैरझिऱ्याची ग्रामसभा समजून घ्यायची असेल तर आधी इंदूबाई तायडे समजून घ्यावी लागते. सरपंच विषय वाचतात, ग्रामसेविका मॅडम पेनाचं टोपण काढतात, सरपंच "सर्वानुमते" एवढंच म्हणतात आणि पहिल्या ओळीत पोत्यावर बसलेली इंदूबाई म्हणते, "थांबा." पुढचा "मंजूर" हा शब्द सरपंचांच्या तोंडातच राहतो. काही ठरावांच्या बाबतीत तो कायमचा राहिला आहे.

मी या ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक. दाखले काढतो, उतारे काढतो आणि प्रिंटर अडकला की शिव्या खातो. आईबापांनी प्रीतम नाव ठेवलं होतं, पण गावात कुणी ते वापरत नाही. "कम्प्युटर, जेवला काय?" असं विचारतात. जेवलो म्हणून सांगतो, दुसरं काय करणार? ग्रामसभेला मला बसावंच लागतं, त्यामुळे इंदूबाईच्या हरकती मी जितक्या ऐकल्या आहेत तितक्या तिच्या पोरीनेही ऐकल्या नसतील.

तिची हरकत दर वेळी बरोबर असते असं समजू नका. सौर दिव्यांना तिने कडाडून विरोध केला होता. सूर्यावर चालणारा दिवा रात्री कसा लागणार, हा तिचा मुद्दा. त्यावर आमचे महादेवराव, जे सगळ्या ठरावांना मान डोलावतात, तेही विचारात पडले आणि दिवे वर्षभर उशिरा आले. गाव तंटामुक्त झाल्याचा ठराव आला तेव्हा तिने हरकत घेतली, त्या हरकतीवरून तंटा झाला आणि ठराव आपोआप पडला. बाई ठेंगणी आणि काटक, आवाज मात्र असा की परतवाड्याची बस सुटून वळणावर गेली असली तरी ती जागेवरून हाक मारून परत आणते. ड्रायव्हर लोक तिला भिऊन असतात.

बसचा विषय निघाला ते बरं झालं, कारण सगळं त्यावरच आहे. गावात बसथांब्याची टिनाची शेड आहे. नवरा गेल्यापासून इंदूबाई त्या शेडमध्ये टोपलं घेऊन बसते. उकडलेल्या शेंगा, भुट्टे, हंगामात सीताफळं. त्या टोपल्यावर तिने पोरगी दीपमाला शिकवली, आणि ती पोरगी आज अकोल्याला नर्स आहे. आई, आता पुरे, माझ्याकडे चल, असं दीपमाला दर फोनला म्हणते. आईचं उत्तर ठरलेलं असतं: तुझ्या बिल्डिंगीपुढं बस थांबते काय?

तर कोरोना आला. बस बंद झाली, शेड रिकामी झाली, ग्रामसभाही बंद पडली. मग वरून पत्र आलं की गर्दी करू नका, पण सभा घ्या, मोबाईलवर घ्या, आणि कुणी वंचित राहणार नाही हे पाहा. पत्र वाचून आमचे सरपंच उत्तमराव इतके खूश झाले की मला वाटलं बाईंवर लस निघाली. कारण साधं होतं. इंदूबाईचा फोन बटणांचा. त्यात बॅटरी आहे, गाणी आहेत, पण सभा नाही.

आठवडाभरात विषयपत्रिका निघाली. नेहमीचे विषय होते, आणि सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं: बसथांबा गावातून फाट्यावर हलवणे. फाटा म्हणजे नाल्याच्या पलीकडे, उन्हातली चांगली तंगडतोड. तिथं उत्तमरावांच्या साळ्याने हॉटेल टाकलं आहे आणि त्या हॉटेलात गिऱ्हाइकांपेक्षा खुर्च्या जास्त आहेत. बस बंद असताना थांबा हलवला तर बस सुरू होईपर्यंत कुणाच्या लक्षातही येणार नाही, असा हा बेत होता. माणूस वाईट नाही आमचा, पण बायकोच्या माहेरापुढे त्याचं काही चालत नाही.

पत्रिका फलकावर लावली त्या दिवशी इंदूबाई माझ्या खिडकीशी आली. पदर नाकावर घेतलेला, त्यावर पोरीने पाठवलेला मास्क आणि त्यावर पुन्हा पदर. नेहमीसारखी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती हळू बोलली.

"कम्प्युटर, थांबा फाट्यावर गेला त मी कुठीसा बसू? साळा मले हाटेलापुढं बसू देईन काय?"

मी म्हटलं, मावशी, सभेत येऊन बोला. ती म्हणाली, तेच विचारून राहिली, कसं येऊ? मी सांगितलं, मी लिंक पाठवतो, त्यावर यायचं.

इथं माझं चुकलं. लिंक हा शब्द आमच्याकडे एकाच ठिकाणी ऐकायला मिळतो, तो म्हणजे बँकेत. पैसे काढायला जा, काचेमागचा माणूस म्हणतो, लिंक नाही, उद्या या. लोकांचं अर्धं आयुष्य लिंकची वाट पाहण्यात गेलेलं आहे. मी गावाच्या ग्रुपवर टाकलं, "सर्वांना लिंक आलेली आहे," आणि सकाळी पाहतो तर माझ्या खिडकीपुढे म्हाताऱ्यांची रांग, सगळ्यांच्या हातात पासबुक. महादेवराव तर अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून आले होते. ही लिंक वेगळी आहे हे समजावता समजावता माझा घसा बसला. शेवटी महादेवराव म्हणाले की लिंक सरकारनं पाठवली आणि ती तू दाबून ठेवली, आणि रागारागाने निघून गेले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

इंदूबाईची सोय नईमने केली. नईम परतवाड्याला काळीपिवळी जीप चालवतो, म्हणजे चालवायचा. त्या काळात ती जीप घरापुढे उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी देत होत्या. थांबा हलला तर त्याच्याही सवाऱ्या फाट्यावर जाणार, पण त्याने मदत केली ती मावशीसाठी. माझा मोबाईल घ्या, शेडमध्ये बसा, मी दूर उभा राहून सांगतो कुठं बोट लावायचं ते, असं तो म्हणाला. त्याने बाईंना बोटाची तालीमही दिली. इंदूबाईचं बोट कामाचं, राकट. पडदा ते बोट ओळखेचना. मग नाकाने दाबायचं ठरलं. हे खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलं.

सभेच्या दिवशी मी आणि ग्रामसेविका भावना मॅडम ग्रामपंचायतीत बसलो, सरपंच त्यांच्या घरी, बाकी लोक जिथं असतील तिथं. पहिला अर्धा तास "आवाज येऊन राहिला काय" या एकाच विषयावर सविस्तर चर्चा झाली. ज्यांचा आवाज येत होता ते विचारत होते आणि ज्यांचा येत नव्हता ते उत्तर देत होते. माझ्या लॅपटॉपवर माणसं कमी आणि आढी, पंखे, कपाळं जास्त दिसत होती. एका चौकोनात नुसती शेळी होती. ती शेवटपर्यंत शांत बसली, सभेचे नियम तेवढे तिनेच पाळले. सरपंचांनी वरून जाकीट घातलं होतं. मध्येच पंखा बंद करायला ते उठले तेव्हा खाली पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आहे हे गावाला समजलं. कुणी हसलं नाही. सगळे म्यूट होते.

इंदूबाईचा चौकोन आला तेव्हा त्यात आधी एक भलं मोठं नाक दिसलं, मग चेहरा. शेडमध्ये रेंज येते आणि जाते, जाते ती जास्त. सरपंचांनी पहिला विषय वाचला, "सर्वानुमते" म्हटलं आणि बाईंनी तोंड उघडलं. "थां" इतकंच आलं आणि चित्र गोठलं. तोंड उघडं, डोळे मोठे, बोट वर. सरपंच त्या चित्राकडे पाहून समाधानाने म्हणाले, "मंजूर." दुसऱ्या विषयाला तेच, तिसऱ्याला तेच. उत्तमरावांच्या चेहऱ्यावर असं सुख मी त्यांच्या पोराच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पाचव्या विषयाला एकदाच पूर्ण शब्द आला, ठणठणीत: "थांबा!"

सरपंच गडबडले नाहीत. म्हणाले, "लिहून घ्या मॅडम, इंदूबाईसुद्धा थांबा म्हणून राहिल्या. थांब्याचा विषय सातवा हाये. त्याले त्याइचा पाठिंबा दिसते."

मॅडमनी पेन हातात तसंच धरलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं. इंदूबाईचा चौकोन काळा झाला आणि मग गेलाच.

सहावा विषय पाण्याच्या टाकीच्या सफाईचा होता. टाकी धुवायची म्हणून त्या दिवशी जिन्याच्या फाटकाचं कुलूप काढून ठेवलं होतं. टाकी कशाने धुवावी यावर लोकांची मतं सुरू झाली, चुना की पावडर, आणि तेवढ्यात तिकडे शेडमध्ये नईमने बाईंना सांगितलं की मावशी, गावात फुल रेंज एकाच जागी भेटते, टाकीवर. पोराचा निकाल त्याने तिथंच पाहिला होता. त्याला वाटलं, बाई हळहळेल आणि घरी जाईल. बाईने मोबाईल पोलक्यात खोचला, पदर खोचला आणि निघाली.

आता आमच्या भागात टाकीवर चढण्याचा अर्थ एकच. नुकसानभरपाई अडली, घरकुल अडलं, मास्तरची बदली झाली, की माणूस टाकीवर चढतो आणि साहेब येईपर्यंत उतरत नाही. तिथं कुणी हवा खायला चढत नाही. त्यामुळे सभेतल्या एका मेंबरने आपल्या गच्चीवरून हिरवं लुगडं जिन्याने गोल गोल वर जाताना पाहिलं आणि चुना की पावडर हे वाक्य अर्धं सोडून ओरडला, "इंदूबाई टाकीवर चढली."

मग माझ्या पडद्यावरचे चौकोन एकेक करून विझले. कपाळं गेली, पंखे गेले. सरपंच जाकीट घालून उठले आणि पट्ट्यापट्ट्यांत निघून गेले. शेवटी मी, मॅडम आणि शेळी. आणि तेवढ्यात एक नवा चौकोन उघडला, लख्ख. मागे निळं आभाळ, दूरवर चिखलदऱ्याचे डोंगर, आणि मधे इंदूबाई, घामाने डबडबलेली.

"आलं," ती म्हणाली. "सातवा घ्या." मग तिने पडदा नीट पाहिला. "कम्प्युटर, बाकीचे कुठं गेले?"

मी म्हटलं, मावशी, खाली पाहा.

तिने खाली पाहिलं. मोकळ्या हाताने तिने कठडा घट्ट धरला.

मी लॅपटॉप घेऊन आणि मॅडम इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन धावत पोचलो तेव्हा अख्खं गाव टाकीखाली होतं. चिखलदरा रोडवरच्या नाक्यावरचे जमादार मोटारसायकलने आले होते. त्यांच्याजवळ भोंगा होता, ज्यावरून ते रोज "घरात राहा" म्हणून सांगायचे. त्यांनी सवयीने तेच आधी सांगितलं. मग वर तोंड करून म्हणाले, बाई, उडी मारू नका, तुमची मागणी काय ते सांगा.

वरून वाऱ्यात आवाज आला, "मागणी नाई. रेंज पाह्यजे होती!"

आता हे मेळघाटच्या पायथ्याचं गाव. इथं रेंज म्हणजे आधी वनखात्याचं ऑफिस, मोबाईल नंतर. जमादारांना वाटलं, रानडुकरांनी हिचं पीक खाल्लं असेल आणि हिला वनखात्याचा साहेब पाहिजे. त्यांनी नाक्यावर फोन लावला की टाकीवर एक आहे, रेंजची गाडी पाठवा. नाक्यावरच्या माणसाने तसाच निरोप पुढे दिला. थोड्या वेळाने वनखात्याची जीप आली. तिच्यात चार माणसं, काठ्या, पिंजरा आणि भली मोठी जाळी. त्यांच्यातला वनरक्षक खाली उतरला आणि हळू आवाजात पहिल्या माणसाला विचारता झाला. तो पहिला माणूस नईम होता.

"नर हाये का मादी?"

"मादी," नईम म्हणाला.

"चवताळली हाये काय?"

"वो तो पहले से है."

जाळी वाया गेली नाही. जमादारांनी ती धरायला लावली, इकडून वनखातं, तिकडून गावातले पोट्टे. जाळीच्या भोवती लोकांना हातभर अंतराने उभं केलं. उत्तमराव पुढे आले. कुणी तरी त्यांना टॉवेल दिला होता, तो त्यांनी कमरेला गुंडाळला होता. ते हात जोडून म्हणाले, इंदूबाई, खाली या, काय म्हणाल ते करतो, गावाची बदनामी होऊन राहिली. बाई वरून म्हणाली की मी कुठं काही म्हणून राहिली, मी सभेत बसली हावो, तुम्ही सभा सोडून अठी काहून उभे हा?

हे ऐकून भावना मॅडमनी रजिस्टर उघडलं. मॅडम शांत बाई आहेत, पण पाचव्या विषयापासून त्यांचं काही तरी बिनसलं होतं. त्या म्हणाल्या, सभा तहकूब झालेली नाही. ऑनलाइन सुरूच आहे. लोक उठून गेले म्हणून कोरम गेला होता, आता सगळे सापडले. कम्प्युटर, यांना कॅमेऱ्यात घे.

मी लॅपटॉप उचलला. एक चौकोन इंदूबाईचा, आणि दुसऱ्यात सगळं गाव मावायला पाहिजे. मावेना. मी मागे सरकलो, आणखी मागे सरकलो आणि पाठमोरा खताच्या खड्ड्यात बसलो. लॅपटॉप वर धरला, हे माझ्या नोकरीबद्दलच्या निष्ठेचं लक्षण समजा. पण खड्ड्यातून सगळं गाव कॅमेऱ्यात आलं. मॅडम म्हणाल्या, तिथंच थांब.

मग त्यांनी जमादारांच्या भोंग्यावरून विषय क्रमांक सात वाचला. बसथांबा गावातून फाट्यावर हलवणे. इंदूबाईंना बोलायला सांगितलं. मी वर पाहिलं. वाटलं, आता बाई गरजेल. ती बोलली, पण मोबाईल पोलक्यात खोचून, दोन्ही हातांनी कठडा धरून बोलली, आणि भोंगा नसल्यामुळे लोक अगदी गप्प राहून ऐकत होते.

"मले शेंगा इकाच्या हायेत, हे त हायेच. ते मी लपवत नाई. पण फाट्यावर पोटुशी बाई कशी जाईन? पाणकाळ्यात नाल्यातून पोट्ट्या कशा जातीन कालेजात? इचार करा अन् मंग हात वर करा."

आता हात वर करण्याबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या सभेत लोक हात वर करतात ते सरपंचांच्या तोंडाकडे पाहून. सरपंच खुर्चीतून एकेकाला न्याहाळतात. कुणाची बांधाची अडचण असते, कुणाला दाखला पाहिजे असतो. म्हणून सर्वानुमते. पण त्या दिवशी सगळ्यांच्या नाकापर्यंत मास्क, रुमाल, दुपट्टे, पदर. डोळे तेवढे उघडे. उत्तमराव इकडून तिकडे पाहत होते आणि त्यांना कोण कोण आहे तेच समजत नव्हतं.

ठरावाच्या बाजूने कोण, असं मॅडमनी विचारलं. साळ्याने हात वर केला. आणखी दोन हात अर्धे उठले आणि डोकं खाजवून खाली गेले.

विरोधात कोण?

मी खड्ड्यातून पाहत होतो. आधी एक हात. मग तो कुणाचा आहे हे सरपंचांना समजत नाही, हे बाकीच्यांना समजलं. मग हातच हात. काळे, सुरकुतलेले, मेंदीचे, शेणाचे. जाळी धरणाऱ्या पोट्ट्यांनी एक हात सोडला, वनरक्षकानेही उत्साहात हात वर केला, तेव्हा त्याला मॅडमनी तुमचं मत इथं नाही म्हणून सांगितलं. मागच्या रांगेत एका बाईचा हात होता, तोंडावर घट्ट पदर, पण हातातले सोन्याचे बिलवर सरपंचांच्या घरचे, सगळ्या गावाच्या ओळखीचे. उत्तमरावांनी ते पाहिले, टॉवेल घट्ट केला आणि खाली मान घातली. इतकी वर्षं मी या गावचे ठराव टाइप करतो आहे, पण गावाला स्वतःचं मत आहे हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मॅडमनी "नामंजूर" लिहिलं आणि तारीख टाकली. मग सगळ्यांनी वर पाहिलं, बाई आनंदाने काय म्हणते ते ऐकायला.

इंदूबाई कठड्याला चिकटून होती. नईमने हाका मारल्या, मावशी, आता या. तेव्हा वरून अगदी बारीक आवाज आला की मले उतरता येत नाई, पाय धरून राहिले. चढताना बाई रागात होती, आता राग संपला होता. मग नईम आणि वनरक्षक वर गेले, तिला मधे घेऊन एकेक पायरी उतरवत आणलं. खाली आल्यावर अंतर ठेवा म्हणून जमादार सांगत होते, पण त्या बिलवरवाल्या बाईने पुढे होऊन तिला सरळ मिठीत घेतलं. इंदूबाईने तिच्या खांद्यावरून मॅडमना विचारलं, काय झालं थांब्याचं? हात वर झाले तेव्हा वाऱ्यात तिला काही ऐकू गेलं नव्हतं, आणि डोळे तिने भीतीने मिटून घेतले होते. एकही हात तिने पाहिला नव्हता.

मॅडमनी सांगितलं. ती तिथंच मातीत बसली आणि रडली. मलाही रडू आलं. मी खड्ड्यातच होतो, त्यामुळे कुणी माझ्याकडे पाहिलं नाही, वासामुळे जवळही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बस सुरू व्हायला अजून बरेच महिने होते. थांब्याच्या शेडमध्ये इंदूबाई टोपलं घेऊन बसली होती, शेंगांवर ओलं फडकं, वाफ येत होती. मला रागच आला. मी म्हटलं, मावशी, बस नाही, माणूस नाही, या शेंगा कुणासाठी उकडल्या?

तिने मूठभर शेंगा कागदावर काढून माझ्याकडे सरकवल्या, अंतर ठेवून.

"कोनासाठी नाई. जागा माही राह्यली म्हनतात न सारे. म्या म्हनलं, एक डाव बसून त पाहू."